वाघाच्या गळ्यात उपग्रह, सुईणीच्या हाती मणी

विदर्भातील यंत्रविद्येचा इतिहास लिहिण्याचे कोणी मनावर घेतलेच, तर त्यात बल्लारपूरचा कागद-कारखाना येईल, चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र येईल, घुग्घुस-दुर्गापूरच्या कोळसाखाणी येतील. परंतु गडचिरोली जिल्ह्यात जन्मलेले एक चिमुकले उपकरण त्यात येईल की नाही, याची शंकाच आहे. त्याला वीज लागत नाही, त्यात चाक नाही, तार नाही. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याशेजारी दोन दांड्यांवर ओवलेले रंगीत मणी, एवढाच त्याचा संसार. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ते घडविले आणि १९९२ साली त्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. 'ब्रेथ काउंटर' हे त्याचे इंग्रजी नाव. मराठीत त्यास श्वासमापक म्हणता येईल.

हे उपकरण कोणत्या अडचणीतून निघाले ते पाहण्यासारखे आहे. तान्ह्या मुलाला खोकला झाला, छाती भरली, म्हणजे तो साधा पडसे-खोकला आहे की न्यूमोनिया आहे, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक, त्यापुढच्या मुलाचे पन्नास वा अधिक भरले, तर औषध सुरू करावयास हवे. खेड्यातील सुईण तर सर्वांच्या आधी बाळापाशी पोचते. पण जिला अक्षरओळख नाही, जिचे मोजणे दहा-बाराच्या पुढे सरत नाही, तिने रडत्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाच्या पोटाकडे पाहत साठपर्यंत मोजावे कसे आणि त्याच वेळी घड्याळाचा काटा पाहावा कसा? श्वासमापकाने ही अडचण दोन भागांत फोडली. वेळ वाळूने सांभाळावयाची, आकडा मण्यांनी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा व पुन्हा एकापासून मोजावयाचे. लहान बाळासाठीच्या दांडीवर पाच हिरवे मणी आणि सहावा तांबडा. मोठ्या मुलाच्या दांडीवर चार हिरवे आणि पाचवा तांबडा. वाळू संपण्याच्या आत तांबडा मणी सरकला, तर बाळाला 'डबा' झाला आहे असे समजून औषध द्यावयाचे. संख्येचे रंगात रूपांतर झाले आणि निदानाची किल्ली सुईणीच्या हाती आली.

गडचिरोलीतील न्यूमोनिया-नियंत्रणाची चाचणी १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली होती. उपचाराची सोय केलेल्या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते, तर तुलनेच्या ४४ गावांत ते १७.५ होते. या फरकाचे श्रेय मण्यांना देणे अर्थातच चुकीचे होईल. गावातच मिळणारे औषध, ते देणाऱ्या माणसांचे प्रशिक्षण आणि गावकऱ्यांचा विश्वास यांचे ते फळ होते. तथापि रोग ओळखण्याची युक्ती गावातल्या माणसाच्या हाती दिल्यावाचून यांतले काहीच शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

हौशी यंत्रकारांचे जग

या उपकरणाची आठवण आज होण्याचे कारण असे की, माणसाच्या अंगावर वागविण्याची यंत्रे आता घरोघरी आली आहेत. मनगटावरचे घड्याळ नाडी मोजते, पावले मोजते, झोपेचा हिशेब ठेवते. या यंत्रांचा उगम मोठ्या कारखान्यांत झाला असा समज आहे. वस्तुतः त्यांची जन्मकथा हौसेची आहे. अंगावर वागविलेला पहिला संगणक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी १९६१ साली बनविला, आणि तो कशासाठी, तर जुगाराच्या अड्ड्यातील रूलेटचे चक्र कोठे थांबेल याचा अंदाज बांधण्यासाठी! बुटात दडविलेल्या कळा पायाच्या अंगठ्याने दाबावयाच्या आणि कानात सुरांच्या रूपाने उत्तर ऐकावयाचे, अशी ती योजना होती. पुढे कॅनडाच्या स्टीव्ह मान यांनी ऐंशीच्या दशकापासून स्वतःच्या अंगावर कॅमेरे व संगणक चढवून वावरण्याचा नाद लावून घेतला. २००५ साली इटलीतील इव्हरिया या गावी 'आर्दुइनो' नावाची स्वस्त, कोणासही जुळविता येईल अशी पट्टी निघाली. २००७ साली लीह ब्यूकली यांनी कापडावर शिवता येईल असा तिचा अवतार काढला. त्यानंतर ही विद्या खऱ्या अर्थाने हौशी लोकांच्या हाती गेली. हालचाल टिपणारा, नखाएवढा संवेदक आज काहीशे रुपयांत मिळतो. त्याच्या पोटात सिलिकॉनचे सूक्ष्म वजन तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले असते. अंग हलले की ते वजन सरकते, आणि त्या सरकण्यातून विद्युत-संकेत निघतो.

रानातल्या माणसाला ही कल्पना मुळीच परकी नाही. चरावयास सोडलेल्या गाईच्या गळ्यातील लाकडी घंटा दुसरे काय करते? गाय चालली की एक नाद, धावली की दुसरा, बसली की शांतता. गुराखी झाडाखाली पडल्या पडल्या कळपाचा ठावठिकाणा आणि मनःस्थिती ओळखतो. संवेदक, प्रेषक आणि ग्राहक असे तिन्ही घटक त्यात आहेत; फक्त विजेची बॅटरी नाही.

घंटा ज्याने बांधली, त्याला काय ऐकावयाचे होते ते त्याने स्वतः ठरविले. आजच्या यंत्रांबाबत हे ठरविणारा कोण, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न आहे. तो विचारण्यास चंद्रपूर-गडचिरोलीइतके उचित स्थळ सापडणे कठीण.

तीन यंत्रे, तीन मालक

पहिले यंत्र वाघाच्या गळ्यातले. पश्चिम विदर्भातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेल्या एका तरुण वाघाची हकिकत देशभर गाजली. त्याच्या गळ्यातील पट्टा तासातासाला आपले स्थान उपग्रहामार्फत कळवीत होता. शेते, रस्ते, नाले ओलांडीत, कधी तेलंगणाच्या हद्दीत शिरत, तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तेव्हा पाच-सहा महिन्यांत त्याने सुमारे १,३०० किलोमीटर मजल मारली होती; पुढील भटकंतीसह एकूण अंतर ३,००० किलोमीटरच्या आसपास गेले. वन्यजीवशास्त्राला या माहितीचे मोल फार मोठे आहे. वाघ केवळ राखीव जंगलात राहत नाही, तो माणसांच्या वस्तीतून वाट काढीत जगतो, हे नकाशावर ठिपक्या-ठिपक्यांनी सिद्ध झाले.

परंतु ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या भागांतल्या धानाच्या बांधांवर हेच सत्य निराळ्या रीतीने कळते. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या आत जितके वाघ आहेत, त्याहून अधिक बाहेर वावरतात, असे वनखातेच सांगते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचावयास वाकलेली बाई, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना तेंदूची पाने खुडणारा मजूर, पावसाळ्यात गुरांमागे गेलेला गुराखी, हे या भागातल्या वाघांच्या हल्ल्यांत वारंवार बळी पडणारे लोक. वाकलेला मनुष्य वाघाला मनुष्य वाटत नाही, असे जाणकार सांगतात. सुंदरबनात १९८६च्या सुमारास मध व लाकूड गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागल्या बाजूस माणसाचा मुखवटा बांधावयास दिला होता, तो वाघ पाठीमागून झडप घालतो याच अनुभवामुळे. अंगावर वागविण्याच्या साधनांत त्याहून स्वस्त साधन क्वचितच निघाले असेल.

वाघाच्या गळ्यातला लाखांच्या घरातला पट्टा त्या बाईला सावध करीत नाही. असे का, याची कारणे सबळ आहेत. पट्टे मूठभर वाघांनाच असतात. त्यांची स्थाने जाहीर केली तर शिकारी टोळ्यांचेच फावेल. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. पट्टा हा संशोधकाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनला आहे. वाघ कोठे जातो, हा तो प्रश्न. बाईचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या झाडापाशी आत्ता काही आहे काय? त्या प्रश्नाचे यंत्र बाजारात मिळत नाही.

२०१७ साली नागभीड परिसरात असाच पट्टा बांधलेला एक तरुण वाघ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने मेला. ती तारही एक उपकरणच म्हणावयाची. रानडुकरांनी पीक लुटू नये म्हणून शेतकऱ्याने स्वतःच्या बुद्धीने व परवडेल अशा खर्चात केलेले, बेकायदा आणि प्राणघातक. तिच्या धक्क्याने पुष्कळदा माणसेही मरतात. उपग्रहाचे यंत्र आणि उघडी तार एकाच बांधावर येऊन भिडली. एका बाजूस ज्ञानाचा खर्च कोणी तरी दुसऱ्याने उचललेला, दुसऱ्या बाजूस पिकाचे नुकसान ज्याचे त्याने सोसलेले.

दुसरे यंत्र नागपूरचे. तेथील महानगरपालिकेने काही वर्षांपूर्वी हजारो सफाई कामगारांच्या मनगटांवर स्थान कळविणारी घड्याळे बांधली. कामगार नेमून दिलेल्या भागात आहे की नाही, किती वाजता आला, किती वाजता गेला, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसावे, हा हेतू. कामचुकारपणाला आळा बसला तर नागरिकांचे भलेच, या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मनगटावर यंत्र बांधावयाचेच, तर ते विषारी वायूची सूचना देणारे का नसावे? वायू टिपणारे संवेदक बाजारात आहेत आणि महागही नाहीत. उत्तर उघड आहे. यंत्राचे पैसे कामगार देत नाही, पालिका देते; आणि पालिकेला हजेरीचा प्रश्न पडलेला असतो, श्वासाचा नव्हे.

तिसरे यंत्र म्हणजे वर वर्णिलेला मण्यांचा श्वासमापक. तो शोधणाऱ्यांनी आधी सुईणीच्या बोटांकडे व बाळाच्या पोटाकडे पाहिले. याच घराण्यातला आधुनिक वंशज पाहावयाचा असेल तर फिलिप्स कंपनीने काढलेला पट्टा पाहावा. तो मुलाच्या पोटावर बांधतात. आतला हालचाल-संवेदक पोटाचे वरखाली होणे टिपून श्वास स्वतःच मोजतो आणि गती वाढलेली असल्यास तसा संकेत देतो. यंत्र उत्तम आहे. हलणाऱ्या बाळाचे श्वास डोळ्यांनी मोजताना चुका होतात, त्या त्याने कमी व्हाव्यात. पण त्याची किंमत मण्यांच्या अनेक पटींनी अधिक, त्याला विद्युतभार भरावा लागतो, आणि भामरागडच्या पावसाळ्यात पूल पाण्याखाली जाऊन गावे तुटली म्हणजे त्याची दुरुस्ती कोण करणार, या प्रश्नाला उत्तर नाही. वाळूची घटिका फुटली तर दुसरी आणता येते.

आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीत वजनकाटा व तापमापकाबरोबर अंकांचे घड्याळ असते, त्याचा उगम गडचिरोलीतल्याच प्रयोगांत आहे. ३९ गावांतील घरोघरच्या नवजात बालसेवेचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०११ पासून ही पद्धती आशांमार्फत देशभर सरकारी कार्यक्रमात आली. मनगटावर बांधण्याचे यंत्र नजर ठेवण्यासाठी असू शकते, तसे ते श्वास मोजण्यासाठीही असू शकते. घड्याळ तेच, बांधणाऱ्याचा हेतू निराळा.

चुकीची किंमत कोणी मोजावी?

कोणतेही मोजणारे यंत्र दोन प्रकारे चुकते. नसलेले आहे म्हणते, किंवा असलेले नाही म्हणते. यंत्र कितीही सुधारले तरी या दोहोंपैकी एक चूक कमी केली की बहुधा दुसरी वाढते. मर्यादा कोठे आखावयाची, हा म्हणून तंत्रज्ञाचा प्रश्न उरत नाही; चुकीचा भुर्दंड कोणावर पडतो, हे पाहूनच तो सोडवावा लागतो. पन्नास श्वासांची मर्यादा घेतली म्हणजे काही निरोगी मुलांना नाहक औषध जाणार, हे गृहीतच आहे. परंतु त्या औषधाची किंमत क्षुल्लक आणि न्यूमोनिया हुकला तर बाळ जाणार. तेव्हा पारडे कोणत्या बाजूस झुकवावे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

वाघाबाबत हिशेब इतका सरळ नाही. ताडोबाच्या मोहर्ली वनपरिक्षेत्रातील सीतारामपेठ येथे २०२३ साली गावाच्या कडेला कॅमेऱ्यांची एक 'आभासी भिंत' उभारण्यात आली. कॅमेऱ्यातील प्रतिमा संगणक तपासतो, वाघ किंवा बिबट दिसला की सूचना जाते. प्रयत्न स्तुत्य आहे. पण समजा, असे यंत्र अतिसावध ठेवले आणि रानमांजर दिसले तरी भोंगा वाजू लागला. मोहाचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा. फूल पहाटे गळते. वेचले नाही तर गुरे-हरणे खातात. प्रत्येक खोट्या भोंग्यामागे एका घराची एका दिवसाची कमाई जाईल आणि दहाव्या भोंग्याला कोणी घरी थांबणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. उलट यंत्र बेफिकीर ठेवले, तर ते गप्प आहे म्हणून निर्धास्त झालेली बाई यंत्र नसताना जितकी सावध असती तितकीही राहणार नाही. दोन्ही चुकांचा भुर्दंड तिच्याच माथी. आणि मर्यादा आखणारा मात्र नागपूर, पुणे किंवा बंगळूर येथे बसलेला. ज्याने भुर्दंड भरावयाचा त्याने मर्यादा आखावी, हा न्याय येथे लावावयाचा तर भोंग्याची कळ ग्रामसभेच्या हाती असली पाहिजे.

ग्रामसभेला हे कसे झेपणार, असा प्रश्न शहरी वाचकाच्या मनात येईल. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी चालविलेल्या अभ्यासगटांची वर्षानुवर्षांची बैठक होती. बांबू गवत की झाड, या प्रश्नावर ज्या गावाने सरकारशी हुज्जत घालून २०११ साली वाहतूक-परवान्याचा अधिकार मिळविला, त्याला खरा भोंगा आणि खोटा भोंगा यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

यंत्र कोणाच्या शरीरावर तपासून घेतले, हाही याच हिशेबाचा एक भाग. करोनाच्या साथीत बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर खेड्यापाड्यांत पोचला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. रक्तातून जाणाऱ्या तांबड्या व अवरक्त प्रकाशाची तुलना करून तो प्राणवायूचे प्रमाण सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तात प्राणवायू धोकादायक पातळीखाली गेलेला असतानाही हे यंत्र 'ठीक आहे' असे सांगण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होते. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते, म्हणून हा घोटाळा. प्रकाशाने नाडी मोजणारी मनगटी घड्याळेही याच जातीची. उन्हात रापलेल्या माडिया मजुराच्या मनगटावर किंवा सिकलसेल असलेल्या मुलीच्या बोटावर ही यंत्रे कितपत खरे बोलतात, हे येथेच तपासून पाहावयाचे काम आहे आणि ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांनी करावयाचे नाही, तर कोणी?

हौसेलाही भांडवल लागते

येथे हौशी यंत्रकाराचे महत्त्व ध्यानात येते. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे नुसती गरज नव्हे; गरजेला क्रयशक्तीची जोड असावी लागते. मोहवेच्या बाईची गरज मोठी, पण तिची मागणी शून्य. म्हणून कारखानदार तिच्यासाठी काही बनविणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. सरकार खरेदी करील तर स्वतःच्या प्रश्नाची करील. ज्याला विकण्याची घाई नाही, हिशेब द्यावयाचा नाही आणि फसले तर हसून पुन्हा जुळविण्याची तयारी आहे, असा एकच उत्पादक उरतो, तो म्हणजे नाद लागलेला पोरगा. रानटी जनावरांच्या गळ्यात प्रेषक बांधण्याची विद्यासुद्धा साठच्या दशकात अमेरिकेत अशाच धडपड्या माणसांनी छोट्या ट्रान्झिस्टरांशी खटपट करीत उभी केली. नेपाळच्या चितवनमधील वाघापर्यंत ती १९७३ साली येऊन पोचली.

मात्र हौस ही रिकाम्या पोटी होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत पोराला दहा रुपयांचा सुटा भाग दुकानात जाऊन उलटसुलट करून पाहता येतो. एटापल्लीच्या पोराला तोच भाग टपालाने मागवावा लागतो. तो जळला तर पुन्हा तितकेच दिवस वाट पाहावी लागते. शिवाय गडचिरोलीच्या दक्षिण भागात बरीच वर्षे परिस्थिती अशी होती की, पिशवीत तारा, बॅटऱ्या आणि रेडिओचा प्रेषक घेऊन हिंडणाऱ्या तरुणाला दोन्ही बाजूंच्या बंदुकांना जबाब देणे भाग पडावे. हौशी रेडिओचा छंद येथे रुजला नाही, यात नवल ते कोणते?

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा एक अनुभव आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेल्या मुलांना हाताने काम करीत विज्ञान शिकवावे, ही त्यांची दृष्टी. अमेरिकेतील एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांनी 'फॅब लॅब'ची कल्पना काढली तेव्हा अमेरिकेबाहेरील पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक २००२ साली या पाबळला उभी राहिली. यंत्रे परदेशी होती. प्रश्न मात्र गावचे होते. २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून शाळाशाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. आर्दुइनोच्या पट्ट्या, संवेदक, त्रिमितीय छपाईयंत्र असा सरंजाम तेथे येतो. पण प्रदर्शनाच्या दिवशी बहुधा आंधळ्याची काठी आणि आपोआप पाणी घालणारी कुंडी हेच दोन चमत्कार मांडलेले असतात, कारण ते पुस्तकात दिलेले असतात. पोराच्या आजीला मोह वेचताना काय लागते, हे पुस्तकात नाही.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत स्थापन झाले, ते मुळी या दोन जिल्ह्यांचे प्रश्न नागपूरहून नीट दिसत नाहीत म्हणून. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साह्याने तेथे एक तंत्रज्ञान केंद्रही चालते. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; दोन्ही जिल्ह्यांत तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेव्हा माणसे नाहीत असे नाही. उणीव आहे ती मोठ्या इमारतीची नसून, सुट्या भागांनी भरलेल्या एका कपाटाची आणि ते संध्याकाळी सातनंतरही उघडे ठेवणाऱ्या एका शिक्षकाची.

काय करता येईल, याची एक-दोन उदाहरणे पुरेत. मोबाइलचे मनोरे जेथे पोचत नाहीत, तेथेही ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या लहरींवर, परवान्यावाचून, अल्प विजेत चार शब्द पाठविणारी रेडिओ-यंत्रे चालविता येतात. भारतात ही मुभा २००५ पासून आहे. मोहाला निघालेल्या दहा बायांच्या गटात प्रत्येकीच्या कमरेला अशी एक डबी असावी, एकीने कळ दाबली की बाकी नऊ वाजाव्यात. वाघ ओळखण्याचे काम यंत्राने करूच नये; ते बाईचे डोळे, कान आणि वानरांचा भेकार अधिक चांगले करतात. यंत्राने फक्त तिचा आवाज लांब न्यावा. दाट सागवनात व डोंगराआड त्याचा पल्ला किती घटतो, हे झाडाखाली उभे राहूनच मोजावे लागेल आणि विद्यार्थ्याला त्याहून चांगला प्रयोग कोणता? तसेच तेंदूच्या हंगामात उन्हाने कोसळणाऱ्या मजुरासाठी तापमान आणि दमटपणा दोन्ही मिळून मोजणारी, तांबडा मणी दाखविणारी एक पट्टी. तीत आकडा नको. मजुराला अंशांशी कर्तव्य नाही. सावलीत केव्हा बसावयाचे, एवढेच त्याला हवे.

या डब्या कोणाचे स्थान कोणाला कळवितात, ती नोंद कोण ठेवतो, हा मुद्दा आरंभीच लिहून ठेवावा लागेल. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण वनहक्काच्या दाव्यांसाठी हातात घेतलेल्या स्थानदर्शकाने ज्यांनी आपल्याच रानाच्या सीमा मोजल्या, त्या गावांना याचा अर्थ कायद्याच्या पुस्तकावाचूनही कळतो. कोणी कोठे मोह वेचतो, कोणत्या झऱ्यापाशी कोणते कंद आहेत, ही माहिती म्हणजे त्यांची मालमत्ता होय. ती डबीतून बाहेर जाऊ नये. वरील प्रकारच्या डबीत स्थान साठविण्याची गरजच नाही आणि जेथे गरज नाही तेथे ती सोय ठेवूही नये.

खर्चाचा प्रश्न उरतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद ठेवता येते, आणि खाणींच्या स्वामित्वधनाबरोबर जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी चंद्रपूरला, व सुरजागडच्या लोहखनिजामुळे आता गडचिरोलीलाही, उपलब्ध आहे. पण या पैशाने तयार यंत्रे विकत घेण्याची निविदा काढली, तर पुन्हा तेच होईल: पेट्या येतील, छायाचित्रे निघतील, पहिल्या पावसाळ्यात आत पाणी जाईल आणि दुसऱ्या पावसाळ्यात पेट्या समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडतील. निविदेत यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी धरावी, ती दुरुस्ती तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांकडे सोपवावी आणि यंत्र उघडण्यासाठी लागणारा पेचकस साध्या दुकानात मिळणारा असावा, अशी अट घालण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.